एक्केचाळीस नंबरचं कार्ड

केयूरनं पुस्तक उघडलं, एक पान उलटलं आणि लागोपाठ तीन वेळा शिंकला.

मंगळवार होता. आंबेपारचा बाजार मंगळवारीच भरतो, त्यामुळे वाचनालयात पेपर चाळायला आलेली दहा-बारा माणसं बाकांवर होती. ती सगळी हसली. शोभा टेबलासमोर उभी होती. सकाळपासून मिरचीचे देठ तोडून तिची बोटं आग करत होती. आता कानशिलंही तशीच तापली.

"हे पुस्तक आहे का मसाल्याची पुडी?" केयूर रुमालानं नाक पुसत म्हणाला. वाचनालयाचा तो नवा सचिव. ग्रंथपाल वामनरावांचा सख्खा पुतण्या, शिकलेला, कामाला चांगला, पण बोलायला लागला की समोरच्याची पर्वा नाही.

"हात नाही लावला जी मी पानाले," शोभा म्हणाली. "झाडूच्या काडीनं पलटवलं. सातऱ्यावर मिरच्या वाळते, तिथं हवेतच मिरची असते, त्याले कोन काय करन?"

"मग तिथं न्यायचं काहून?" केयूरनं तिचं कार्ड उचललं. कार्ड कसलं, पुठ्ठ्याचा पिवळा पडलेला तुकडा. चार कोपरे केव्हाच झिजलेले. "आणि हे कोणाच्या नावावर आहे?"

"मामाजीच्या. रामाजीच्या." सासऱ्याला ती मामाजी म्हणायची.

"कुठं आहेत रामाजी?"

"वारले नं ते. सोळा वर्षं झाली."

"मग मेलेला माणूस दर मंगळवारी पुस्तक नेऊन राहिला, असं दाखवू का मी? पुढच्या सोमवारी नागपूरहून तपासणी आहे." तो बाकांकडे बघून हसला. "असं करा, रामाजीलेच घेऊन या. त्यांच्या हातात देतो पुस्तक."

बाकांवरची माणसं पुन्हा हसली. एकटे वामनराव हसले नाहीत. ते बाजूच्या खुर्चीत रजिस्टरवर मान घालून बसले होते, आणि त्यांनी मान वर केली नाही.

"सात-बारा बी त्याइच्याच नावानं हाय," शोभा म्हणाली. "घराचा टॅक्स बी त्याइच्याच नावानं येते. कोनी कधी काही म्हटलं नाही."

ती खोटं बोलत नव्हती. रामाजी गेल्यावर त्यांच्या घरानं कुठल्याच कागदावरचं नाव बदललं नव्हतं. फेरफार करायचा तर तलाठ्याकडे चकरा, दाखले, वारसांच्या सह्या. शोभाचा नवरा नत्थू म्हणायचा, चाललं हाय तं चालू दे. मीटर बुढ्याच्या नावावर, शेत बुढ्याच्या नावावर, तसंच वाचनालयाचं कार्ड बुढ्याच्या नावावर. ह्यात काही चुकतंय असं त्यांना सोळा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

"तपासणी झाली की तुमच्या नावानं नवीन कार्ड काढा," केयूर जरा नरमून म्हणाला. "तीनशे अठरा नंबर मिळेल. पण एक्केचाळीस बंद. आणि पुस्तक सातऱ्यावर जाणार नाही म्हणजे नाही."

"अजून सहा भाग राहिले जी ह्याचे. बाया वाट पाहून राहिल्या."

केयूरनं पुस्तक आपल्या बाजूला सरकवलं. शोभानं कार्ड उचललं, चष्म्याच्या पत्र्याच्या डबीत ठेवलं, डबी कमरेला खोचली आणि बाहेर पडली. बाजारातून घ्यायची भाजी ती विसरून गेली.

*

ती डबी रामाजीची. शोभा ह्या घरात आली तेव्हापासून कार्ड तिच्यातच राहत आलं, चष्म्याच्या खाली.

चौऱ्याऐंशी साली वाचनालय निघालं तेव्हा भिवापूरहून लोखंडी कपाट आणायला गाडी कोणाची मिळेना. रामाजीनं आपली बैलगाडी जुंपली. कपाट आलं, पुस्तकं आली, पण सभासद पन्नास पाहिजेत आणि भरत होते चाळीस. तरणेताठे वामनराव दारोदार फिरत होते. रामाजी म्हणाला, लिहा गा माझं नाव. तेव्हापासून दर मंगळवारी मिरचीचं पोतं बाजारात टाकलं की तो वाचनालयात जायचा, आधीचं पुस्तक परत करायचा, दुसरं धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणायचा आणि भिंतीतल्या देवळीत ठेवायचा. प्रयागबाई, त्याची बायको, रोज त्या पुस्तकावरची धूळ झटकायची. घरात कोणी वाचताना दिसत नसे. नत्थूला तर चार ओळींत झोप यायची.

शोभा दहावी पास होऊन ह्या घरात सून म्हणून आली, त्याच्या तिसऱ्या दिवशी सासऱ्यानं विचारलं, "वाचता येते का वं तुले?"

"येते," ती पदर सावरत म्हणाली.

"मंग हे वाच. माह्या चष्म्याची काच तडकली. अक्षर दिसत नाही."

खरंच एक काच आडवी तडकलेली होती. रामाजी तो चष्मा नाकावर ठेवून भिंतीला टेकून बसला आणि नवी सून वाचायला लागली. प्रयागबाई चुलीपुढं होती. भाकर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. धुणं पडलंय, शेण काढायचंय, आणि सून पुस्तक घेऊन बसलीय, असं कोणी शेजारणीनं म्हटलं की रामाजी अंगणातूनच ओरडायचा, "माहं काम करून राहिली ते! मले दिसत नाही म्हनून वाचून राहिली!" त्यावर कोण काय बोलणार? सासऱ्याचा हुकूम होता.

"भिवापूरले गेलो का काच बदलून आनतो," असं तो दर आठवड्याला म्हणायचा. आठ वर्षांत तो भिवापूरला शंभरदा जाऊन आला असेल. काच तशीच राहिली आणि शोभानं कपाटाचे दोन खण वाचून काढले.

तो वारला तेव्हा देवळीत एक पुस्तक अर्धं वाचलेलं होतं. तेरवी झाल्यावर नत्थू ते पुस्तक आणि कार्ड घेऊन वाचनालयात गेला. मेलेल्या माणसाकडं राहिलेली दुसऱ्याची वस्तू परत करायची, एवढंच त्याला ठाऊक. वामनरावांनी पुस्तक जमा केलं. लाल पेन हातात घेतला, रजिस्टर काढलं, एक्केचाळीसवर बोट ठेवलं आणि नाव एकदा वाचलं. मग पेन खाली ठेवला. "शोभाचं हे अर्धं राहिलं असेल नं?" म्हणाले. "घेऊन जा. पुढच्या मंगळवारी आण." तेवढ्यावर सोळा वर्षं चालली. लेक मयुरा ह्याच वाचनालयाच्या बाकावर अभ्यास करून नागपूरला मिहानमध्ये नोकरीला लागली. तिनंही कधी वेगळं कार्ड काढलं नाही.

*

भिवापूरकडची मिरची तोडून झाली की सातऱ्यावर येते. सातरा म्हणजे गावाबाहेरचं उघडं मैदान. माघ-फाल्गुनात तिथं मिरच्यांचे लाल ढीग वाळत पडलेले असतात आणि त्यांच्या कडेनं बाया रांग करून देठ तोडत बसतात. नाकाला फडकं, बोटांना चिंध्या, समोर टोपलं. अंगठ्याच्या नखानं देठ उडवायचा, मिरची टोपल्यात. दिवसभरात हजारो. घरी गेल्यावर हाताला गोडतेल चोळलं तरी आग थांबत नाही. पोराच्या डोळ्याला हात लागला तर पोर रात्रभर रडतं. नवी सून पहिल्या दिवशी रडतेच. ती मिरचीनं रडते का कशानं, हे कोणी विचारत नाही.

टोपल्यावर मजुरी. जिचं टोपलं भरलं नाही तिचा दिवस बुडाला. मग पुस्तक वाचणारीनं टोपलं कसं भरायचं? ह्यावर सातऱ्यानंच तोड काढली होती, बारा वर्षांपूर्वी. शोभा वाचायला बसली की पान पलटेल तेव्हा प्रत्येकीनं आपल्यातली एक ओंजळ तिच्या टोपल्यात टाकायची. झाडूच्या काडीनं पान पलटायचं, की ओंजळी पडायच्या. सांगावं लागत नसे. कोणी चुकलीच तर प्रयागबाई नुसती तिच्याकडं बघायची. ती सत्तरीच्या पुढची झाली तरी रोज सातऱ्यावर होतीच.

त्या मंगळवारनंतर सातरा मुका झाला. एका बाईनं मोबाइलवर गाणी लावली, ती दोन तासांत सगळ्यांना नको झाली. मग भांडणं सुरू झाली. कोणाचं टोपलं कोणी ओढलं, कोणाच्या बकरीनं काय खाल्लं. बारा वर्षांत एवढी भांडणं झाली नव्हती.

"त्या बाईले नवरा भेटला का नाही मंग?" ठमाबाईनं चौथ्यांदा विचारलं. गोष्टीतल्या बाईचा नवरा नदीच्या पुरात वाहून गेला होता, आणि ती काठाकाठानं गावोगाव त्याला शोधत निघाली होती. "तो नावाडी सांगत होता, त्यानं एका मानसाले पाह्यलं म्हने. तोच असन का?"

"मले काय माहीत, ठमाबाई? मी बी तिथपर्यंतच वाचलं."

"तो दुसराच असेल," मागून बारीक आवाज आला. ती हिमानी होती, ठमाबाईची धाकटी सून. दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली, एकोणीस वर्षांची, कॉलेजचं एक वर्ष करून सोडलेली. शोभा वाचायची तेव्हा ही पोरगी टोपलं ओढत ओढत जवळ यायची आणि खांद्यावरून पानाकडं बघायची. "नावाड्यानं सांगितला तो लंगडत होता. तिचा नवरा लंगडा नव्हता."

"तू हात चालव," ठमाबाई म्हणाली. "तोंड मांगून चालव."

हिमानीनं मान खाली घातली. तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं मुळापर्यंत लाल झाली होती. शोभा तिच्याकडं बघत राहिली. चोवीस वर्षांपूर्वी तिची स्वतःची बोटं अशीच होती, पण तिला भिंतीला टेकून बसलेला, तडकलेल्या चष्म्याचा सासरा होता.

*

शनिवारी केयूर स्वतःच सातऱ्यावर आला. रुमाल नाकाशी धरून त्यानं जाहीर केलं, की सोमवारी तपासणीच्या वेळी वाचनालयात वाचक दिसले पाहिजेत, तर दहा बायांनी धुतलेलं लुगडं नेसून, हात साबणानं धुऊन, तासभर पेपर घेऊन बसावं. बोलायचं काही नाही.

"पेपर उलटा धरला तं चालते का?" ठमाबाईनं विचारलं. बाया फडक्यांत हसल्या.

"मजाक करू नका, काकू. गेल्या दोन वर्षांत पुस्तकं गेली नाहीत फारशी. अनुदानाचा वर्ग काढून घेतला तर वाचनालयाला कुलूप लागेल."

केयूरवर राग येतो खरा, पण तो वाचनालय वाचवायलाच धडपडत होता. फक्त कशानं वाचतं हे त्याला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी वामनराव घरी आले. नत्थूनं बाज टाकली. शोभानं पाणी दिलं. ते पेला हातात धरून बसले.

"शोभा, सोमवारी तू ये. पण एक्केचाळीसचा विषय नको काढूस. तो रजिस्टरचा पहिला खंड मी कपाटावर टाकून ठेवला आहे." त्यांनी प्रयागबाईकडं पाहिलं. "नाव मीच खोडलं नाही. निघालं तर माझ्यावर आहे ते. चाळीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाही मी, आणि ही एकच सोळा वर्षं चालू ठेवली."

"मी नाही काढनार जी," शोभा म्हणाली. तिला रडू आलं. कार्ड जाणार होतं, पुस्तक गेलंच होतं, आणि आता ह्या भल्या माणसाची मान खाली जाऊ नये म्हणून तिनंच गप्प बसायचं होतं. "मामाजीची शपथ."

वामनराव उठले. जाताना प्रयागबाई त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली आणि हळूच काहीतरी म्हणाली. ते दोघं जुने लोक एकमेकांकडं बघून थोडंसं हसले. शोभाला ते आवडलं नाही. ह्यात हसण्यासारखं काय आहे, तिला कळेना.

*

तपासणीला आलेल्या बाई तरुण होत्या. नाव अबोली. बारीक आवाज, खांद्याला झोळी, आणि चहाला नको म्हणणाऱ्या. दहा बाया पेपर धरून बसल्या होत्या. प्रयागबाईनं पेपर मांडीवर व्यवस्थित घडी घालून ठेवला होता आणि त्यावर हात ठेवले होते.

अबोलीबाईंनी कपाटातून एक पुस्तक काढलं. उघडलं तर त्याची शिवण कडकन वाजली. त्यांनी देवघेवीचं रजिस्टर पाहिलं. "अकरा जणांनी नेलंय हे?"

"हो मॅडम," केयूर म्हणाला. "लोकप्रिय आहे."

त्यांनी मधलं एक पान धरलं. पुढचं पान त्याला कडेनं जोडलेलंच होतं. छापखान्यातून आलं तेव्हापासून कोणी सोडवलंच नव्हतं. "अकराही जणांनी ही दोन पानं गाळली वाटतं."

बाईंनी दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळी कडकन वाजली. मग त्या रजिस्टर घेऊन बसल्या आणि पानामागून पान पालथं घालत गेल्या. बोट एका ओळीवर थांबायचं, पुढं जायचं, पुन्हा थांबायचं.

"हा एक्केचाळीस कोण आहे? दर मंगळवारी. पाऊस असो, पोळा असो. आणि ह्यानं नेलेलं एकही पुस्तक कपाटात कसं नाही?"

शोभानं पेपर तोंडासमोर धरला होता. तिला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं.

"ती बांधणीला..." केयूरनं सुरुवात केली.

अबोलीबाई उठून मागच्या खोलीत गेल्या. तिथं खताच्या तीन पोत्यांची तोंडं सुतळीनं बांधलेली होती. त्यांनी एका पोत्याची सुतळी सोडली. आतून आधी शिंका आल्या, म्हणजे बाईंना आल्या, पाच-सहा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्या पुस्तकांचा एक गठ्ठा घेऊन बाहेर आल्या. पुठ्ठे सुटलेले, शिवण दोनदा-तीनदा दोऱ्यानं घातलेली, पानांच्या बेचक्यांत लाल पूड. एका पुस्तकात झाडूची काडी तशीच राहिली होती.

"ही का बाद केली?"

"खराब झाली मॅडम. सातऱ्यावर नेतात. मिरची."

"सातऱ्यावर कोण वाचतं?"

वामनरावांनी तोंड उघडलं, शोभानं मान हलवून त्यांना नको म्हटलं, आणि तेवढ्यात ठमाबाईनं पेपर खाली आपटला.

"आमी ऐकतो! हे शोभा वाचते न् आमी ऐकतो. बारा वर्षं झाली." तिला गप्प बसायला सांगितलं होतं ते ती केव्हाच विसरली होती. "मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. तो पुरात गेलेला नवरा भेटते का नाही, तेवढं सांगा. ह्यानं पुस्तकच ठेवून घेतलं."

बाकीच्या बायाही एकदम बोलायला लागल्या. नावाडी खरं बोलतो का, तो लंगडा कोण, त्या बाईनं काठावरच्या म्हाताऱ्याकडं राहायला पाहिजे होतं का पुढं जायला. दिखाव्याला आणून बसवलेले वाचक भांडायला लागले, आणि ते खरे वाचक निघाले. अबोलीबाई उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मिरचीचंच होतं, पण त्या हसत होत्या.

मग त्या वामनरावांकडं वळल्या. "पहिला खंड दाखवता?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. वामनराव स्टुलावर चढले. बायकोला सोडायला आलेल्या नत्थूनं स्टूल धरलं. धूळ झटकून रजिस्टर टेबलावर आलं. "सभासद वारले आहेत. सोळा वर्षांपूर्वी. खोडायला माझा हात झाला नाही. चूक माझी."

बाईंनी पान काढलं. शोभा जवळ आली होती. पेपर कधी खाली ठेवला तिला कळलं नाही. एक्केचाळीस. रामाजी, पूर्ण नाव, गाव, धंदा शेती, सगळं वामनरावांच्या तरण्या अक्षरात. आणि शेवटच्या रकान्यात, जिथं चाळीसजणांनी सह्या केल्या होत्या, तिथं निळा अंगठा.

शोभा त्या अंगठ्याकडं बघत राहिली. मोठा, रुंद, मधोमध कासऱ्याच्या जुन्या जखमेची आडवी रेघ. ओळखायला चूक होणंच शक्य नव्हतं. ह्याच अंगठ्यानं तो नाकावरचा चष्मा वर सारायचा.

"मामाजीले..." ती म्हणाली.

"एक अक्षर येत नव्हतं वं," प्रयागबाई बाकावरून म्हणाली. "अंगठाछाप."

खोलीत कोणी हसलं नाही. केयूर मान खाली घालून उभा होता.

अबोलीबाईंनी शेरा लिहिला. खोट्या नोंदींबद्दल लिहिलं, अगदी स्पष्ट लिहिलं. केयूरला ते वाचून दाखवलं. वर्ग ह्या वर्षापुरता राहील, पुढच्या वर्षी पुन्हा येईन म्हणाल्या. पोत्यांतली पुस्तकं कपाटात लावायची, हेही त्यातच होतं. मग त्यांनी वामनरावांसमोर लाल पेन धरला. "नाव खोडावं लागेल, काका. त्याला इलाज नाही."

वामनरावांनी नावावरून सरळ रेघ मारली. हळू मारली.

"नंबर खोडा असं मी म्हटलं नाही," बाई म्हणाल्या. "खाली त्यांचं नाव लिहा. सही घ्या."

शोभानं सही केली. बोटं चुरचुरत होती, अक्षर वाकडं आलं. तिच्या सहीच्या वर सासऱ्याचा अंगठा होता. त्यावर रेघ मारलेली नव्हती.

*

घरी आल्यावर तिनं चष्म्याची डबी उघडली. चष्मा बाहेर काढला. मेलेल्या माणसाचा चष्मा घालू नये म्हणतात, म्हणून इतक्या वर्षांत तिनं तो कधी नाकावर ठेवला नव्हता. आता ठेवला. भिंतीवरचं कॅलेंडर होतं तसंच दिसलं. ना मोठं, ना बारीक.

"नंबर नाही त्याले," प्रयागबाई म्हणाली. ती लसूण सोलत होती. "साधी काच हाय. तुमच्या लग्नाच्या आठ दिस अगुदर भिवापूरच्या बजारातून आनला. आनला न् दगडानं एक काच तडकवली."

"काहून?"

"काहून म्हंजे? तू दहावी पास, हे घर असं. बाईमानूस किताब घेऊन बसलं तं लोकं बोलतीन, मीबी बोलली असती. सासऱ्याचं काम म्हटलं का कोन बोलते? न् त्यालेबी ऐकाचं होतं. सतरा वर्षं घरी आनून ठेवली किताबं, आतमंदी काय हाय पत्ता नाही." तिनं लसणीची साल फुंकली. "मले म्हने, कोनाले सांगशीन तं पाह्य."

शोभा चुलीपुढं बसली आणि मनसोक्त रडली. आपण ह्या घरावर उपकार करतोय असं तिला कधी कधी वाटायचं, सासऱ्याला वाचून दाखवते म्हणून. चोवीस वर्षं ती उलटंच समजून बसली होती. प्रयागबाईनं तिला रडू दिलं, आणि भाजी स्वतः फोडणीला टाकली.

*

दुसऱ्या दिवशी मंगळवार. शोभा सकाळीच पुस्तक घेऊन आली. केयूरनं स्वतः काढून दिलं, आणि देताना शिंक आली ती त्यानं दाबली.

दुपारी ऊन डोक्यावर आलं, हात मंदावले, तशी ठमाबाई म्हणाली, "चाल वं शोभा, तो लंगडा कोन तेवढं सांगून टाक."

शोभानं हात पुसले. पुस्तक मांडीवर घेतलं, खुणेची काडी काढली. मग कमरेची डबी काढून तिनं तडकलेला चष्मा नाकावर चढवला, पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं, आणि पुन्हा जवळ धरलं.

"मायवं," ती म्हणाली. "काच तडकली माही. अक्षर दिसत नाही. हिमानी, तू वाच."

हिमानीचा हात टोपल्यातच थांबला. तिनं सासूकडं पाहिलं.

"ते बसली तं तिचं टोपलं कोन भरन?" ठमाबाई म्हणाली.

"मले दिसत नाही म्हनून वाचून राहिली ते," शोभा म्हणाली. "माहं काम हाय. नाही तं राहू द्या, तो लंगडा कोन ते पुढच्या वर्षी समजन."

ठमाबाई ढिगाकडं बघत बसली, पुस्तकाकडं बघितलं, आणि शेवटी तिनं आपलं टोपलं थोडं बाजूला ओढलं. तेवढीच जागा पुरे होती. हिमानी तिथं येऊन बसली. बोटांच्या चिंध्या सोडल्या, काडी घेतली. पहिल्या दोन ओळी तिनं आपल्यापुरत्याच वाचल्या. तिसरीपासून आवाज मोकळा झाला, आणि सातऱ्याच्या पार त्या टोकापर्यंत गेला.

पान पलटलं. प्रयागबाईनं पहिली ओंजळ हिमानीच्या टोपल्यात टाकली. मग बाकीच्यांच्या पडत गेल्या, एकीमागून एक. सगळ्यांत शेवटी ठमाबाईची पडली, आणि ती जरा मोठीच होती.

प्रयागबाईनं सुनेच्या नाकावरच्या चष्म्याकडं एकदा बघून घेतलं.

"काच बदलून आन वं," ती म्हणाली.

"आनीन नं," शोभा म्हणाली. "भिवापूरले गेली का आनीन."